संगमरवरावरचा गेलेला रंग : वाचकांचे प्रश्न

रोमन संगमरवरी मूर्ती मुळात पांढऱ्या नव्हत्या, त्या रंगवलेल्या होत्या आणि त्या रंगाचे अंश अजून सापडतात, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (वाई) : सम्राट ऑगस्टसच्या रंगीत पुतळ्याचा फोटो पाहिला. लालभडक झगा, गडद निळा रंग. खेळण्यातल्या बाहुलीसारखा दिसतो. रोमन लोकांना असंच आवडायचं का?

तुम्ही पाहिलेला पुतळा ही प्लास्टरची रंगवलेली प्रत आहे. मूळ संगमरवरी पुतळा रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्याच्या जागी २० एप्रिल १८६३ रोजी सापडला आणि आज तो व्हॅटिकन संग्रहालयात आहे. सापडला तेव्हाच त्याच्यावर रंगाच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. त्यांच्या तपासणीवरून ही प्रत रंगवली. तिच्यात कातडीचा भाग पांढराच ठेवला आहे, कारण तिथे रंगाचा अंश मिळाला नाही. मिळालं तेवढंच दाखवायचं, ही भूमिका प्रामाणिक आहे. पण तिचा परिणाम असा होतो की कपडे गडद आणि हातपाय कोरे, आणि पाहणाऱ्याला मूर्ती अर्धवट रंगवल्यासारखी वाटते.

भडकपणाची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे मूर्तीवर जे उरतं ते बहुतेक रंगाच्या तळाच्या हाताचं, म्हणजे थराचं असतं. मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं जवळ जाऊन पाहा. झिजलेल्या जागी आधी वरच्या बारीक रेषा आणि छटा गेलेल्या दिसतात, सपाट रंग मागे राहतो. मूर्तीवरही तसंच होतं. तळाचा लाल मिळाला म्हणून तोच वरचा शेवटचा लाल होता, असं म्हणता येत नाही. दुसरं कारण प्लास्टरचं. संगमरवरात उजेड थोडा आत शिरून परत येतो, त्यामुळे पातळ रंगाखालून दगड झळकतो. प्लास्टर उजेड पृष्ठभागावरूनच परतवतं, म्हणून तोच रंग तिथे मेलेला आणि जाड दिसतो. अशा प्रतींकडे कुठे कोणता रंग होता याचा नकाशा म्हणून पाहावं. मूर्ती हुबेहूब अशीच दिसत होती, असा दावा त्यांच्यावरून करू नये.

प्रश्न (सातारा, रसायनशास्त्राची विद्यार्थिनी) : डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर रंग शोधतात कसा? प्रत्येक वेळी तुकडा काढावा लागतो का?

नाही. तुकडा काढणं ही शेवटची पायरी, आणि बऱ्याच वेळा तिथपर्यंत जावंच लागत नाही.

सुरुवात तिरप्या उजेडाने होते. अंधाऱ्या खोलीत दिवा मूर्तीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरतात, म्हणजे केसाएवढा उंचवटाही सावली टाकतो. रंग गेला तरी त्याचा आकार दगडात राहतो, कारण टिकाऊ रंगाखालचा दगड जास्त काळ झाकलेला राहतो आणि शेजारचा उघडा दगड आधी झिजतो. अशा रीतीने कपड्याच्या काठावरची नक्षी रंगाचा कणही नसताना वाचता येते. रंगकाम करणाऱ्याने आधी टोकदार हत्याराने आखलेल्या रेघाही याच उजेडात दिसतात.

मग भिंग आणि सूक्ष्मदर्शक. कण शोधायची जागा ठरलेली असते : वस्त्राच्या खोल चुण्या, कानामागचा भाग, केसांतल्या बर्म्याने पाडलेल्या खाचा, डोळ्याचा आतला कोपरा. म्हणजे जिथे पाऊस आणि साफ करणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे.

तिसरी पायरी अतिनील किरणांची. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून केलेला गुलाबी रंग या किरणांत नारिंगी-गुलाबी चमकतो, इतका ठळक की सवयीच्या माणसाला लांबून ओळखू येतो. जुना संगमरवर पिवळसर पांढरा दिसतो, नवा कापलेला जांभळट. त्यामुळे नंतर जोडलेलं नाक किंवा बोट लगेच उघडं पडतं. पण चमक म्हणजे प्राचीन रंग, असं समजू नका. सांगलीच्या बाजारातली चिमूटभर हळद ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली धरा, पिवळी-हिरवी चमकेल. जुनी मेणं, लाख, दुरुस्तीतला सरस हेही चमकतात. चमक म्हणजे फक्त पुढे कुठे पाहायचं याचा इशारा. (टॉर्च वापरताना अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला आणि टॉर्च कोणाच्या डोळ्यांकडे धरू नका.)

सगळ्यांत सुंदर पायरी ईजिप्शियन निळ्याची आहे. वाळू, चुना, तांबं आणि क्षार एकत्र करून साधारण ८५० ते १००० अंश सेल्सिअसला तासन्‌तास भाजून हा निळा बनवत. रसायनाच्या भाषेत तो कॅल्शियम कॉपर सिलिकेट. यावर साधा दृश्य उजेड टाकला की तो ९१० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त किरण बाहेर टाकतो. ते डोळ्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. या गुणाचा मूर्तींसाठी उपयोग करण्याची पद्धत शास्त्रज्ञ जोव्हान्नी व्हेरी यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये काम करताना घडवली. लागणारी सामग्री फार नाही : लाल एलईडीचा दिवा, सेन्सरसमोरची अवरक्त अडवणारी काच काढलेला कॅमेरा, आणि भिंगापुढे दृश्य उजेड अडवून सुमारे ८३० नॅनोमीटरच्या पुढचंच आत सोडणारं फिल्टर. खोलीत पूर्ण काळोख हवा. फसगत इथेच होते. खिडकीतून आलेलं ऊन किंवा जुना पिवळा बल्ब स्वतःच अवरक्त किरण देतो, आणि मग सगळी मूर्ती उजळून दिसते. म्हणून फोटोच्या चौकटीत एक राखाडी नमुनापट्टी ठेवतात. ती काळी आली तर दिवा शुद्ध आहे, आणि मूर्तीवर पांढरे ठिपके दिसले तर ते निळ्याचे कण. धुळीएवढा एकटा कणही ताऱ्यासारखा दिसतो. साध्या मोबाइलने हे होत नाही, कारण त्यात ती अडवणारी काच बसवलेली असते.

शेवटी क्ष-किरणांचं हातयंत्र, म्हणजे एक्सआरएफ. पृष्ठभागात कोणती मूलद्रव्यं आहेत ते हे यंत्र दाखवतं. लोखंड दाखवलं तर गेरू किंवा पिवळी माती, पारा दाखवला तर लाल हिंगूळ, शिसं दाखवलं तर पांढरा सफेदा किंवा शेंदूर, तांबं दाखवलं तर निळा किंवा हिरवा असण्याची शक्यता. पण मंजिष्ठेसारखा वनस्पतीचा रंग त्याला दिसत नाही. हलकी मूलद्रव्यं त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. शिवाय खालचा दगड म्हणजे कॅल्शियमच, त्यामुळे खडूचा पांढरा रंगही त्यात लपून जातो. एक्सआरएफचा आकडा एकटा घेऊन कोणी रंगाचं नाव सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रंगावरून परत येणाऱ्या उजेडाचं विश्लेषण करूनही उत्तर मिळतं; रोममधल्या टायटसच्या कमानीवर कोरलेल्या सात शाखांच्या दीपावर पिवळ्या मातीचे अंश २०१२ मध्ये असेच सापडले.

इतकं करूनही कोडं उरलं तर अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण शस्त्रक्रियेच्या सुरीने काढतात, तोही आधीच तुटलेल्या कडेवरून. तो पारदर्शक रेझिनमध्ये बसवून घासला की थर एकावर एक दिसतात : दगड, पांढरं अस्तर, रंग, माती.

प्रश्न (कराड) : कोयना खोऱ्यातली तांबडी माती लागली तर पांढरा दगड पावसाळाभर तांबडा राहतो. मग मूर्तीवरचा लाल डाग मातीचा नाही, हे कशावरून?

फार मोलाचा प्रश्न. गेरू आणि तांबडी माती या दोन्हींचा लाल लोहाच्या ऑक्साइडचाच, त्यामुळे एक्सआरएफला दोन्ही सारखेच.

फरक थरांच्या क्रमात सापडतो. जमिनीत असताना संगमरवरावर चुन्याचा कठीण पापुद्रा चढतो. लाल त्या पापुद्र्याच्या खाली, थेट दगडावर किंवा पांढऱ्या अस्तरावर असेल, तर तो पुरला जाण्याच्या आधीचा. पापुद्र्यात किंवा वर असेल तर मातीचा. दुसरी खूण कणांची. रंगासाठी कुटलेला, धुऊन गाळलेला गेरू बारीक आणि बऱ्यापैकी एकसारखा असतो. मातीत वाळू, चिकणमाती, मुळांचे तंतू असं सगळं मिसळलेलं येतं. तिसरी खूण हद्दीची. माती पाण्याबरोबर ओघळते, खाली जाड आणि वर विरळ असा डाग सोडते. रंग मात्र ओठाच्या, काठाच्या, पट्ट्याच्या रेषेवर थांबलेला दिसतो.

याच पद्धतीने नंतरची फसवाफसवीही कळते. टायटॅनियमचा पांढरा मिळाला तर तो विसाव्या शतकातला. प्रशियन निळा मिळाला तर अठराव्या शतकाच्या आधीचा नाही. जुन्या दुरुस्तीवाल्यांनी जोड लपवायला सगळ्या मूर्तीवर रंगीत मेण फासलेलं असतं, तेही प्रथमदर्शनी प्राचीन वाटतं.

प्रश्न (उंब्रज) : आमच्या मारुतीला तेल-शेंदूर लावतात. रोमन लोकांचा लाल तसाच होता का?

एक रंग अगदी तोच होता. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, आणि ते रोमन रंगाऱ्यांनाही माहीत होतं. त्याहून महाग लाल होता हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. गेरू सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ.

हिंगुळाचा दोष म्हणजे ऊन लागलं की तो काळा पडतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यांनी याचं उदाहरण दिलं आहे : फाबेरियस नावाच्या लेखनिकाने अव्हेंटाइन टेकडीवरच्या घरातल्या उघड्या अंगणाच्या भिंतींना हिंगूळ दिला आणि तीस दिवसांत त्या बिघडल्या. उपायही त्यांनी सांगितला आहे. रंग सुकला की थोडं तेल घातलेलं शुद्ध पांढरं मेण वितळवून कुंचल्याने लावायचं, लोखंडी भांड्यातल्या निखाऱ्यांनी शेकून ते सारखं करायचं, मग स्वच्छ तागाच्या कापडाने घासायचं. हे नग्न संगमरवरी मूर्तींना करतात तसंच, असं ते पुढे लिहितात. मूर्तींवर मेणाचा हात दिला जाई, याचा यापेक्षा सरळ पुरावा कुठला हवा!

आपल्याकडच्या शेंदरात आणि त्यांच्या लेपात मोठा फरक हा की आपण थरावर थर चढवत जातो, मूळ मूर्ती झाकली जाते आणि कधीतरी आख्खी खोळ सुटून पडते. रोमन मूर्तीवरचा रंग कागदाइतका पातळ. म्हणून आपल्या मारुतीची मूर्ती खोळीखाली सुरक्षित राहिली, आणि त्यांचा रंग पहिल्याच घासणीत गेला.

प्रश्न (मिरज) : गुळगुळीत संगमरवरावर रंग धरतो कसा? घरी करून पाहता येईल का?

आरशासारखा घोटलेला असेल तर धरत नाही. म्हणून केसांवर कानशीचे ओरखडे तसेच ठेवलेले दिसतात, आणि रंगाखाली बऱ्याचदा सफेद्याचं किंवा खडूचं अस्तर असतं. रंगाची पूड धरून ठेवायला अंडं, प्राण्यांचा सरस, दुधातलं केसीन, झाडाचा डिंक, मेण असे पर्याय होते.

करून पाहा, अवश्य. फरशीवाल्याकडून पांढऱ्या संगमरवराचे हातभर दोन तुकडे आणा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. धुऊन एक दिवस वाळवा. रंगासाठी गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड एवढं पुरे. शेंदूर, हिंगूळ, हरताळ घरी अजिबात घेऊ नका. त्यांत शिसं, पारा आणि आर्सेनिक आहे.

पूड पाण्यात काचेवर घोटून दह्याएवढी घट्ट करा. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी दोन थेंब स्पिरिट द्या. अंड्याचा बलक पांढऱ्यापासून वेगळा करा, तळहातावरून कागदावर लोळवून कोरडा करा, पडदा चिमटीत उचलून टोचा आणि फक्त आतला द्रव घ्या. पडदा पडला तर गुठळ्या होतात. त्यात तेवढंच पाणी घाला. हे मिश्रण एक भाग, घोटलेला रंग एक भाग. आधी खडूचा पातळ हात, मग रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक सुकल्यावर पुढचा. दुसऱ्या तुकड्यासाठी सरस : १० ग्रॅम सरस १०० मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून ६० अंशांच्या आत विरघळवा. उकळला तर त्याची पकड जाते.

काय बिघडतं? बोटाला पूड लागली तर चिकट द्रव्य कमी पडलं. पापुद्रे कडांनी वर उचलले तर जास्त झालं, कारण सुकताना सरस आकसतो आणि रंगाला दगडावरून ओढून काढतो. भेगा पडल्या तर हात जाड गेला. आख्खा रंग सालीसारखा निघाला तर फरशीची चकाकी राहिली होती.

आठवड्याने प्रत्येक तुकड्याच्या अर्ध्या भागावर मधमाशीचं मेण (दहा भाग मेणाला एक भाग जवसाचं तेल) अगदी पातळ लावा, केस वाळवायच्या यंत्राने गरम करा, सुती कापडाने घासा. रंग खोल झालेला आणि दगड आतून उजळलेला दिसेल. मेण जास्त झालं तर धूळ धरून राखाडी पडतं. मग एक तुकडा जूनमध्ये कुंडीतल्या मातीत पुरा आणि दसऱ्याला काढा. ओल्या मातीत अंडं आणि सरस कुजतात, पूड मोकळी होते. दगडाच्या खड्ड्यांतले काही कण तेवढे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलेत की रोमन मूर्तीवर काय शोधायचं असतं ते हाताला कळेल.

प्रश्न (सांगली) : जयपूरच्या मूर्तींना डोळे, ओठ, काठ रंगवतात, अंग पांढरंच ठेवतात. रोमन मूर्तींचंही तसंच का?

काहींचं तसं असावं. यावर अभ्यासकांत वाद आहे आणि एक नियम सगळ्या मूर्तींना लावणं चुकीचं ठरेल. पण अंग रंगवलेलं असे, याचा पक्का पुरावा ब्रिटिश म्युझियममधल्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका स्त्रीच्या संगमरवरी डोक्यावर आहे. रोमच्या एस्क्विलाइन टेकडीवर ते सापडलं आणि अभ्यासक गेओर्ग ट्रॉय यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच्या कातडीच्या रंगात ईजिप्शियन निळ्याचे कण मिसळलेले आहेत, डोळ्याच्या पांढऱ्यातही आहेत. गोऱ्या चेहऱ्यावर सावली पडते तिथे कातडी किंचित निळसर दिसते, हे त्या रंगाऱ्याने पाहिलं होतं. इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन शहरात २००६ मध्ये मिळालेल्या, ग्रीक पुराणकथांतल्या अमेझॉन योद्धीच्या मूर्तीच्या डोक्यावर भुवया, पापण्या आणि बुबुळं रंगवलेली टिकून आहेत. एकेक केस सुटा ओढलेला.

डोळे आधी कोरीव नसत, फक्त रंगवत. सम्राट हेड्रियनच्या काळापासून बुबुळाची गोल रेघ आणि बाहुलीचा खड्डा कोरायला लागले. त्याआधीचे डोळे आज आंधळे दिसतात ते रंग गेल्यामुळे. सोन्याचा वर्खही लावत. पॉम्पेईत सापडलेली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात असलेली व्हीनस देवीची मूर्ती पाहा, तिच्या अंगावरची सोनेरी वस्त्रं अजून दिसतात.

प्रश्न (तासगाव) : रंग मातीत गेला की माणसांनी घालवला?

दोन्ही, आणि माणसांचा वाटा लहान नाही. मूर्ती बाहेर आली की माती काढायला ताराचे ब्रश, आम्ल, वाळू वापरत. प्लास्टरच्या प्रती काढायला साचा घेतला की साच्याबरोबर रंग निघून येई. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या ग्रीक शिल्पांवरून १९३७-३८ साली ब्रिटिश म्युझियममध्ये धातूच्या हत्यारांनी वरची सायच खरवडली गेली. पांढरं तेच सुंदर, ही समजूत अठराव्या शतकात जर्मन कलाइतिहासकार विंकेलमान यांच्या लेखनाने घट्ट झाली, असं नेहमी सांगतात. पण पॉम्पेईत १७६० मध्ये सापडलेल्या आर्टेमिस देवीच्या मूर्तीवरच्या रंगांचं वर्णन त्यांनी स्वतः केलं होतं. रंग दिसत होता. त्याला महत्त्व द्यायचं नाही, असं नंतरच्यांनी ठरवलं.

प्रश्न (फलटण) : आमच्या घरच्या संगमरवरी मूर्तीवर जुना रंग आणि सोनं आहे, वर काळपट थर बसला आहे. चिंच-लिंबाने साफ करू का?

नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर, ताक, दही ही सगळी आम्लं आहेत आणि संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो फसफसून विरघळतो. रंग त्या विरघळणाऱ्या पृष्ठभागावर उभा असतो, तो सगळ्यांत आधी जातो. पितांबरीसारख्या पावडरी तांब्या-पितळेसाठी आहेत, त्या इथे चालत नाहीत. मूर्तीला दह्या-दुधाचा अभिषेक होत असेल तर तो ताम्हनातल्या धातूच्या छोट्या मूर्तीवर करावा.

आधी दिवसाच्या उजेडात आणि मग तिरप्या टॉर्चने सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नंतर मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने, वरून खाली, फक्त सुटी धूळ झटका. रंग सुटतोय का ते पाहायला मागच्या बाजूला, पायथ्याशी, कापसाचा बोळा शुद्ध पाण्यात भिजवून पिळून तांदळाएवढ्या जागेवर एकदा टेकवा, घासू नका. बोळ्यावर लाल, निळं किंवा सोनेरी आलं तर तिथेच थांबा आणि संग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा. काहीच आलं नाही तरी काळपट थर स्वतः काढायला जाऊ नका. तो बहुधा दिव्याच्या काजळीचा आणि तेलाचा असतो, आणि त्याच्या खाली रंग आहे की नाही हे फक्त भिंगाखालीच कळतं.